गोल मारणाऱ्याला मत नाही



१९ डिसेंबर २०२२ चा सोमवार आम्हाला चांगला आठवतो. प्रार्थनेच्या वेळी निम्मी शाळा उभ्या उभ्या डुलत होती. आदल्या रात्री कतारमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा अंतिम सामना झाला होता. आधी तीन-तीन बरोबरी, मग पेनल्टी, आणि चार-दोनने अर्जेंटिना विजयी. हे सारे आटोपेपर्यंत आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. जांभया देणाऱ्यांत आमचे दोन शिक्षकही होते. नावे सांगत नाही.

बाहेरगावच्या पाहुण्यांना आपल्या भागातील या वेडाचे आश्चर्य वाटते. त्यांना आम्ही कोल्हापूरकडे बोट दाखवतो. निपाणीहून तासाभराच्या अंतरावर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि गाव दोन रंगांत वाटले जाते. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ बाळगावेत, ही गोष्ट फारशी कुठे आढळत नाही. बेळगावला लष्कराची छावणी आणि मिशनच्या शाळा यांच्यामुळे हा खेळ आपल्या आजोबांच्या पिढीपासून रुजलेला. तेव्हा विश्वचषक आला की आपल्या गल्ल्यांत ब्राझीलचा पिवळा आणि अर्जेंटिनाचा निळा-पांढरा झेंडा लागतो, यात नवल नाही.

त्या सोमवारी मधल्या सुट्टीत आठवीतील एका मुलाने आम्हाला व्हरांड्यात गाठले आणि विचारले, "सर, कतारने पैसे देऊन वर्ल्ड कप घेतला म्हणतात. खरं आहे का?" आम्ही "वाचून सांगतो" म्हणालो, आणि शिक्षक ज्या पद्धतीने पुष्कळ प्रश्न विसरतात त्या पद्धतीने तो विसरलो. यंदा शाळेच्या क्रीडा समितीचा विषय विश्वस्त मंडळापुढे यावयाचा आहे. त्याची टिपणे काढताना तो प्रश्न पुन्हा समोर आला. तो मुलगा आता शाळेत नाही, पण उत्तर देणे भाग आहे.

सरळ उत्तर असे की, कतारने पैसे दिले हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही आणि कतारने ते कायम नाकारले आहे. पण संशय का आला, हे मुलांनी समजून घ्यावे. २ डिसेंबर २०१० रोजी झुरिच येथे फिफाच्या कार्यकारिणीने एकाच दिवशी दोन विश्वचषकांचा निकाल लावला. २०१८ चा रशियाला, २०२२ चा कतारला. मत देणारे होते अवघे बावीस जण. खरे तर चोवीस असायचे, पण मते विकायला तयार असल्याच्या वृत्तपत्रीय शोधामुळे दोघांना आधीच निलंबित केले होते. अखेरच्या फेरीत कतारला चौदा आणि अमेरिकेला आठ मते पडली. त्या बावीसांपैकी निम्म्याहून अधिक जण पुढे कुठल्या ना कुठल्या प्रकरणात चौकशी, बंदी किंवा खटल्यात सापडले. २०२० साली अमेरिकी सरकारी वकिलांनी आपल्या आरोपपत्रात, या मतदानात काहींनी लाच घेतली, असे स्पष्ट लिहिले.

जगाला खरा हादरा बसला तो २७ मे २०१५ रोजी. फिफाच्या सभेसाठी जमलेल्या पदाधिकाऱ्यांना झुरिचच्या एका नामांकित हॉटेलात पहाटे पोलिसांनी उठवले. अमेरिकेने चौदा जणांवर आरोप ठेवले होते आणि लाचेची रक्कम १५ कोटी डॉलरहून अधिक सांगितली होती. त्यानंतर दोनच दिवसांनी सेप ब्लाटर पाचव्यांदा अध्यक्ष निवडून आले! चार दिवसांनी त्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली, ही गोष्ट वेगळी. मिशेल प्लाटिनी यांना दिलेल्या वीस लाख स्विस फ्रँकवरून दोघांवर फिफाच्याच समितीने बंदी घातली, मात्र फौजदारी खटल्यात २०२२ साली आणि अपिलात २०२५ साली दोघेही निर्दोष सुटले. हेही सांगितले पाहिजे. निकाल लागण्याआधीच माणसाला चोर ठरवण्याची घाई आपल्याकडे फार आहे.

ब्लाटर यांच्या आधी होते ब्राझीलचे झुआंव हावेलांज. १९७४ ते १९९८ ते, १९९८ ते २०१५ ब्लाटर. एक्केचाळीस वर्षांत दोन अध्यक्ष. हावेलांज यांनी एका विपणन कंपनीकडून लाखो फ्रँक घेतल्याची कागदपत्रे २०१२ साली स्वित्झर्लंडमध्ये खुली झाली. ज्या काळात त्यांनी ती रक्कम घेतली त्या काळात अशा खासगी संस्थेतील दलाली तिथल्या कायद्याने गुन्हाच नव्हता.

या साऱ्या कागदांत आम्हाला सर्वांत बोलकी वाटली ती मात्र त्रिनिदादची एक लहानशी हकिगत. मे २०११ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथील एका हॉटेलात कॅरिबियन देशांच्या फुटबॉल संघटनांचे पदाधिकारी जमले. १ जूनला होणारी फिफा अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती आणि कतारचे मोहम्मद बिन हम्माम उमेदवार होते. त्यांचे भाषण झाले. मग एकेकाला खोलीत बोलावून पाकीट दिले गेले. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत लिफाफा म्हणतात, मराठीत पाकीट, आणि दोन्ही भाषांत त्याचा दुसरा अर्थ एकच आहे. आत चाळीस हजार डॉलर रोख. बहामा बेटांच्या संघटनेचे उपाध्यक्ष फ्रेड लन यांनी पाकीट उघडले, आपल्या अध्यक्षांना फोन लावला, नोटांचे छायाचित्र काढले आणि पाकीट परत केले. प्रकरण फुटले ते यामुळे. बिन हम्माम यांच्यावरील पहिली बंदी पुराव्याअभावी क्रीडा लवादाने रद्द केली, पण २०१२ च्या अखेरीस फिफाने त्यांना अन्य प्रकरणांत पुन्हा आजन्म बाद केले.

आता यातली यंत्रणा पाहा. फिफाचे २११ सदस्य देश. भारताला एक मत, आणि कॅरिबियन समुद्रातल्या काही हजार वस्तीच्या बेटालाही एकच मत. हे मत खेळाडूचे नाही, प्रशिक्षकाचे नाही, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाचे तर नाहीच. ते संघटनेच्या पदाधिकाऱ्याचे. विकासनिधी वरून त्याच संघटनांकडे येतो आणि मते खालून त्याच वाटेने वर जातात. आपल्या भागातील पालकांना हे फोड करून सांगण्याची गरज नाही. पतसंस्थेच्या आणि विकास सोसायटीच्या निवडणुका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आपलीच माणसे सभासद करून ठेवायची आणि मग सभासदांच्या इच्छेने आपण पुन्हा उभे राहायचे.

२०१५ नंतर काही बदलले. यजमान देश आता बावीस जण ठरवत नाहीत, साऱ्या सदस्यांची सभा ठरवते. २०१८ साली अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी मोरोक्कोवर १३४ विरुद्ध ६५ अशी उघड मतांनी मात केली ती याच पद्धतीने. परंतु ११ डिसेंबर २०२४ रोजी २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला दिला गेला तेव्हा दुसरा उमेदवारच नव्हता आणि मंजुरी टाळ्यांच्या गजरात झाली. टाळ्या मोजता येत नाहीत.

हे झाले दूरदेशीचे. आपल्या देशात २०२२ साली काय घडले, ते मात्र आपल्या मुलींशी थेट संबंधित आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

त्या वर्षी स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे झेंडावंदन आपण थाटात केले. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. भारताचा संघ कुठेही आंतरराष्ट्रीय सामना खेळू शकणार नाही. ऑक्टोबरात आपल्याकडे भरणारी सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धाही ठरल्याप्रमाणे होणार नाही. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई ही तिची ठिकाणे. त्याच वेळी केरळच्या गोकुलम क्लबचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचला होता. ताश्कंदला उतरलेल्या त्या मुलींना सामना न खेळता परत यावे लागले. त्यांचा दोष काय होता, हे त्यांना कोणी सांगू शकले नसते.

झाले होते ते असे. महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल, आपल्या विदर्भातील गोंदियाचे. त्यांच्या आधी प्रियरंजन दासमुन्शी सुमारे वीस वर्षे अध्यक्ष होते. म्हणजे इथेही तीन दशकांहून अधिक काळात दोनच अध्यक्ष. पटेलांच्या कारकिर्दीत २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, आणि ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न मुदतीचा होता. तेव्हाच्या क्रीडा संहितेप्रमाणे अध्यक्षाला बारा वर्षांपलीकडे राहता येत नव्हते. ती मुदत २०२० च्या अखेरीस संपली. महासंघाच्या घटनेचा दावा २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून होता, त्याचे कारण सांगून निवडणूक झाली नाही. अखेर १८ मे २०२२ रोजी न्यायालयाने जुनी कार्यकारिणी दूर केली आणि तिघांची प्रशासक समिती नेमली.

या समितीच्या प्रस्तावावरून न्यायालयाने एक चांगली गोष्ट मान्य केली होती. राज्य संघटनांच्या ३६ प्रतिनिधींबरोबर ३६ नामवंत माजी खेळाडूंनाही मत. चोवीस पुरुष, बारा स्त्रिया. भारतीय फुटबॉलमध्ये प्रथमच खेळलेल्या माणसाला खेळाच्या कारभारात बरोबरीचे स्थान मिळणार होते. फिफाला हे मानवले नाही. सदस्य संघटनांचा कारभार सदस्यांनीच चालवावा, बाहेरच्यांचा हस्तक्षेप नको, हा तिचा नियम. तो अगदीच चुकीचा नाही. उद्या एखाद्या देशाचा हुकूमशहा आपल्या मेहुण्याला महासंघाचा अध्यक्ष करू लागला तर हाच नियम आडवा येतो. पण ज्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना पहाटे हॉटेलातून पोलीस घेऊन गेले, तिने आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला "तिसऱ्या पक्षाचा अवाजवी प्रभाव" म्हणावे, हे आम्हाला आजही बोचते.

अखेर २२ ऑगस्टला न्यायालयाने प्रशासक समिती विसर्जित केली आणि मतदार यादीतून खेळाडू वगळले गेले. २६ ऑगस्टला बंदी उठली. अकरा दिवस. २ सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला बायचुंग भुतिया, वर्षानुवर्षे भारताचा कर्णधार, आणि दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे. चौबेही कोलकात्याच्या मोठ्या क्लबांचे गोलरक्षक होते, म्हणजे महासंघाला प्रथमच खेळाडू अध्यक्ष मिळाला, हे मान्य. निकाल ३३ विरुद्ध १. भुतियाला एक मत! ज्याच्या नावावर स्टेडियम भरत असे, त्याला सभागृहात एक मत. नव्या कार्यकारिणीत कोल्हापूरचे मालोजीराजे छत्रपती आले, गोव्याच्या वालांका आलेमाव आल्या आणि आपल्या कर्नाटकचे एन. ए. हॅरिस उपाध्यक्ष झाले, याचा आनंदही नोंदवतो.

आणि मुलींचे काय झाले? स्पर्धा वाचली. ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून आठ-शून्य हरल्या, मग मोरोक्कोकडून तीन-शून्य आणि ब्राझीलकडून पाच-शून्य. एकही गोल झाला नाही. दोन महिने आधी आपण खेळणार की नाही हेच ठाऊक नसलेल्या मुली त्या. पराभवाचे खापर त्या अकरा दिवसांवर फोडणे बरोबर नव्हे, अंतर मोठे होते आणि ते अनेक वर्षांचे होते. पण महासंघाची भांडणे चालू असताना त्या वर्षांत मुलींच्या किती लीग झाल्या, हे कोणी मोजले?

खेळाडूंच्या मताचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. १९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाची नवी घटना मंजूर केली आणि तीत पंधरा माजी खेळाडूंना सर्वसाधारण सभेत स्थान दिले, त्यांत स्त्रियाही. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदाही केला. छत्तिसाचे पंधरा झाले आणि मध्ये तीन वर्षे गेली. दरम्यान पैशाचा करार संपत आल्याने देशातील सर्वांत मोठी लीग २०२५-२६ मध्ये वेळेवर सुरू होऊ शकली नाही आणि व्यावसायिक खेळाडू पगाराच्या चिंतेत पडले. भांडण कोणाचे, हे नव्याने सांगायला नको.

आता आमच्यावर येतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही एका दुसऱ्या शाळेत नवे शिक्षक होतो आणि खेळाची जबाबदारी आमच्याकडे होती. चौदा वर्षांखालील तालुका स्पर्धेसाठी संघाचे फॉर्म भरायचे होते. संघात एक मुलगा नव्याने दाखल झाला होता, मिशा फुटू लागलेला, पायात तोफ. त्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख त्याला स्पर्धेत बसवत होती. पण त्याचा सख्खा धाकटा भाऊ आमच्याच शाळेत होता, आणि जनरल रजिस्टरात दोघांच्या जन्मतारखा पाहिल्या तर भावाभावांत पाच महिन्यांचे अंतर पडत होते. आम्ही ते पाहिले. वरिष्ठांनी "दाखला आहे ना, मग झालं" म्हटले. आम्ही सही केली. संघ जिंकला, शाळेत पेढे वाटले गेले. ज्याची जागा गेली तो तेरा वर्षांचा मुलगा मध्यंतराला खेळाडूंना लिंबाच्या फोडी वाटत होता. त्याने तक्रार केली नाही. कोणाकडे करणार होता? फॉर्मवर सही आमचीच होती.

फिफाने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली, कारण वयाची चोरी साऱ्या जगात चालते. आपल्या तालुक्याला ते यंत्र परवडणार नाही. आपल्याकडे जनरल रजिस्टर आहे, आणि ते उघडून पाहणारा माणूस असला तर ते पुरते.

म्हणून क्रीडा समितीविषयी आम्ही विश्वस्त मंडळाला प्रस्ताव दिला आहे. मुलांच्या आणि मुलींच्या संघांचे कर्णधार समितीत असावेत, नुसते बसायला नव्हे, मताधिकारासह. खेळाच्या शुल्काचा जमाखर्च दर सत्राला सूचनाफलकावर लागावा, चेंडू कितीला आला आणि पंचांचा चहा कितीचा झाला इथपर्यंत. निवड झालेल्यांच्या यादीबरोबर निवड करणाऱ्यांची नावेही लागावीत. दोन आदरणीय विश्वस्तांनी यावर शंका काढली आहे की, मुलांना काय कळते, उद्या ती आपल्या मित्रांनाच संघात घेतील. शंका रास्त आहे. मुले तसे करतीलही. पण मोठ्यांनी आपल्या भाच्यांना घेतलेले आम्ही पाहिले आहे आणि सात जणांच्या समितीत दोन मुलांची मते निर्णय उलटवू शकत नाहीत. ती फक्त बंद खोलीत काय बोलले गेले ते ऐकतील. आम्हाला वाटते, अडचण नेमकी तिथेच आहे.

प्रस्तावात आणखी एक कलम आहे, अध्यक्षाला तीन वर्षांची मुदत. ते लिहिताना आम्ही जुनी इतिवृत्ते काढली. या समितीचे अध्यक्षपद गेली नऊ वर्षे आमच्याकडे आहे. कोणी विचारले नाही आणि आम्हीही सोडले नाही. दर वर्षी "पुढील वर्षी पाहू" असे इतिवृत्तात आमच्याच अक्षरात लिहिलेले आहे. पटेलांविषयी वर जे लिहिले ते आम्ही खोडलेले नाही, पण हा परिच्छेद त्याच्याखाली लिहिणे आवश्यक वाटले. मंडळाने प्रस्ताव मानो वा न मानो, या सत्राअखेर आम्ही ते पद सोडत आहोत. क्रीडाशिक्षक आणि पालक प्रतिनिधी यांपैकी कोणी इच्छुक असल्यास कार्यालयात नाव द्यावे.

चौदा वर्षांखालील संघांची निवड चाचणी पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता मैदानावर होईल. मुलींची चाचणी त्याच दिवशी, त्याच वेळी, दुसऱ्या गोलपोस्टकडे. उरलेल्या वेळात नाही. भाग घेणाऱ्या मुलांच्या नोंदी असलेले जनरल रजिस्टर त्या दिवशी कार्यालयाबाहेर टेबलावर ठेवले जाईल. पालकांनी येताना चष्मा आणावा, जुनी शाई बरीच फिकट झाली आहे.